एकाच कबरीवर दोन प्रार्थना

शनिवारी संध्याकाळी आमच्या देवळात आई एकटीच असायची. देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. आमच्याकडची जुनी माणसं चर्च म्हणत नाहीत, देऊळच म्हणतात. प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून चालत तासाभराच्या अंतरावर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. निम्मी घरं ख्रिस्ती, निम्मी बौद्ध, नाती मात्र एकमेकांत गुंतलेली. देवळावर पत्रे होते, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि समोर दगडी ओटा. ओट्याला दोन-तीन पायऱ्या. वर पवित्र शास्त्र ठेवायचा लाकडी स्टँड आणि पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, खुर्ची. आई पदर खोचून पायऱ्या चढायची, ओटा झाडायची, स्टँड पुसायची, खुर्ची फडक्याने झटकायची आणि खाली उतरायची. रविवारी मात्र तिला वर जाता येत नसे. केरसुणी घेऊन चढलेलं चालायचं, पुस्तक घेऊन चढलेलं चालत नव्हतं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. रांधणारी बाई शेवटी जेवते, तसंच हेही असेल असं वाटायचं.

आई बायबलबाई होती. हा शब्द आता आमच्याच पोरांना कळत नाही, म्हणून सांगते. मिशनने नेमलेली ही बाई वाडीवस्तीवर घरोघर फिरून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, गीतं शिकवायची, अक्षरं गिरवून घ्यायची, आजाऱ्याजवळ बसायची. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी चालायला लागले त्या सुमाराला ते गेले. नगरच्या मिससाहेबांनी आईला पुढे शिकवलं आणि या कामाला लावलं. मिससाहेब म्हणजे गोऱ्या मिशनरी बाई. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, पण आईवर त्यांचा फार जीव. ‘तुझा आवाज देवाने उगीच दिला नाही,’ असं त्या आईला म्हणायच्या. पुढे एकेक करून सगळे गोरे लोक मायदेशी गेले, त्याही गेल्या. त्यांच्यामागे आईच्या आवाजाबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही.

आवाज जाड होता तिचा. खालच्या पट्टीतला, जरा बसका. अंधारात ऐकला तर पुरुषाचा वाटावा. पण गीत उचलायचं तर तिनेच. पेटीवाला सूर देऊन थांबायचा, पुरुषांच्या बाजूला सगळे एकमेकांकडे बघायचे, आणि बायकांच्या बाजूने, चटईवर बसल्या बसल्या आई पहिली ओळ उचलायची. मग सगळं देऊळ तिच्यामागे जायचं. त्याला मात्र कुणाची हरकत नव्हती. गाणं चालत होतं, बोलणं चालत नव्हतं. हा कायदा कुणी केला आणि कुठे लिहून ठेवला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

वर्षातून एकदा बायकांचा रविवार असायचा. त्या दिवशी उपासना बायका चालवायच्या आणि संदेश आई द्यायची. पण ओट्यावरून नाही. ओट्याच्या खाली शाळेतलं एक टेबल आणून ठेवायचे, त्यावर फुलाफुलांचं कापड. आई टेबलामागे उभी राहायची आणि तिच्या डोक्यावर, वरच्या खुर्चीत पाळकसाहेब बसलेले असायचे. ती बोलून झाली की ते उठायचे आणि ‘बाईंनी छान सांगितलं, त्यात मी फक्त दोन शब्द घालतो’ असं म्हणून अर्धा तास बोलायचे. आईचं काही सांडलं-लवंडलं असेल तर ते भरून काढायला. मला हसू यायचं आणि आई मला चिमटा काढायची.

आईचं खरं काम देवळात नव्हतंच. ती दारोदार फिरायची, पण दारात पाऊल टाकलं की देवाचं नाव काढायची नाही. आधी जात्याच्या खुंट्याला हात लावायची, नाहीतर निवडायची भाजी पुढ्यात ओढून घ्यायची, नाहीतर रडतं पोर मांडीवर. मळ्यातल्या मोठ्या घरांत तिला ओसरीच्या आत घेत नसत. ती ओसरीवर बसायची आणि सुना आतून तिच्याशी बोलायच्या. कुणाला नवरा मारतो, कुणाची पाळी चुकली, कुणाच्या मनात विहीर आहे, हे आईला आधी कळायचं. ती ऐकून घ्यायची आणि मग जाताना म्हणायची, ‘एक प्रार्थना करू का?’ बहुतेक जणी ‘करा की’ म्हणायच्या. मग डोळे मिटून ती त्या बाईचं दुखणं जसंच्या तसं देवाला सांगायची, शेजारच्या बाईला सांगावं तितक्या सरळ. मी लहान असताना तिच्याबरोबर जायचे. त्या बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. आपलं म्हणणं कुणीतरी वर पोचवलं, एवढं समाधान त्यांना पुरायचं.

आमच्या शेजारी एक विधवा बाई राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. नात्याची नव्हती, पण भिंतीला भिंत लागून होती. तिला एकच लेक, माझ्याहून थोडी मोठी. ती लेक आमच्याच घरात आईच्या पुढ्यात बसून अक्षरं शिकली. गळा गोड होता, गीत म्हणताना ती आईच्या शेजारी बसायची आणि आईचा जाड आवाज तिच्या आवाजाने झाकला जायचा. तिला पुणतांब्याकडच्या एका वस्तीवर दिली होती. सासरा तिकडच्या मंडळीचा, म्हणजे देवळाला येणाऱ्या ख्रिस्ती समाजाचा पंच, कारभारी. घर कडक, पण खाऊनपिऊन बरं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मी तेव्हा नगरला मास्तरकीचं शिक्षण घेत होते आणि सुटीत घरी होते. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा पुरता अंगावर आला होता. प्रवरेच्या वाळूत झरे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरायच्या. वस्तीतली धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर, बायका खडी फोडायला, पोरं फुकट वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या रांगेत. मावशीही खडी फोडायला जायची. लेक आल्यावर तिने जाणं बंद केलं आणि तिच्या वाट्याची सुकडीसुद्धा लेकीलाच चारली.

ती पोर बाळंत होताना गेली. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सुईण होती, आई होती. दवाखान्यात न्यायला बैलगाडी बघितली, तर गाडी होती पण बैल दुष्काळातल्या चारा-छावणीत. कोल्हारहून टेम्पो आणायला माणूस पाठवला. टेम्पो आला तेव्हा मूल पोटातून निघालं होतं, पण रडलं नाही, आणि त्याच्या मागोमाग त्याची आईही गार पडली होती. मावशी ओरडली नाही. ती लेकीच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत राहिली, चोळून गरम होतील म्हणून. आईने तिचे हात धरून थांबवले.

आता दफनाचा प्रश्न. पाळकसाहेबांकडे सात-आठ गावं होती. आमच्याकडे ते महिन्यातून एकदा यायचे, एसटीने आणि पुढे सायकलने. त्या आठवड्यात ते नगरला वार्षिक सभेला गेले होते आणि आमचे मोठे पंचही त्यांच्याबरोबर. मोठे पंच म्हणजे पेन्शनीत निघालेले एक मास्तर. पाळक नसले की तेच पुस्तक वाचायचे. निरोप गेला, पण सभेतून माणूस निघून इथे पोचायला दुसरा दिवस उजाडला असता आणि मे महिन्याचं ऊन काही थांबणार नव्हतं. दुपारपर्यंत तर कळत होतं की आता ठेवता येणार नाही. उरलेल्या पुरुषांत एकाला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याला येत होतं, पण तो म्हणाला, ‘‘मला न्हाई जमायचं. माजी जीब टाळ्याला चिकटंल.’’

सगळे आईकडे बघायला लागले. गीत उचलायच्या वेळी बघायचे तसेच.

आई म्हणाली, ‘‘मी नको. उद्या बोल लागेल.’’

मावशी तेव्हा पहिल्यांदा बोलली. ‘‘तुमी न्हाई तर कोन वाचनार बाई? अक्षर तुमी दिलं तिला. आता हे बी तुमीच द्या.’’

आमच्या पुरुषांपैकी बहुतेक जण तलावावर, म्हणून शेजारच्या बौद्ध पोरांनी खड्डा खणला. जमीन इतकी कडक झाली होती की पहारीने ठिणग्या उडत होत्या. शवपेटी मिळाली नाही. नव्या लुगड्यात गुंडाळून, बाळ कुशीत देऊन तिला उतरवलं. आई खड्ड्याच्या डोक्याकडच्या बाजूला उभी राहिली. तिने उपासनेचं पुस्तक उघडलं आणि दफनविधीचे शब्द सगळे, एकही न गाळता वाचले. मातीला माती देण्याचे शब्द वाचताना सगळ्यात आधी मूठ तिची पडली. मग पुस्तक मिटून तिने आपल्या शब्दांत प्रार्थना केली. ती मला पाठ आहे. मुद्दाम केलेली नाही, आपोआप झाली.

‘‘प्रभू, ही माझ्या हाताखाली शिकली. हिला अंधाराची भीती वाटते, तेवढं लक्षात ठेव. लेकरू तिच्या कुशीत दिलंय, ते काढून घेऊ नकोस. असं का केलंस ते आम्हाला कळत नाही आणि तू सांगत नाहीस. पण ती आता तुझ्या घरी पोचली, असं मी तिच्या आईला सांगणार आहे. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.’’

उघड्यावर, कुठल्याही टेबलामागे न उभी राहता, कुणी डोक्यावर बसलेलं नसताना, मी माझ्या आईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं ते त्या पोरीसाठी आणि थोडं या गोष्टीसाठीही. कबरस्तानातून येताना आईने मावशीला हाताला धरून आणलं आणि वाटेत सांगितलं, की ती पोचली, सुखरूप पोचली. मावशीने मान हलवली. घरी आल्यावर ती घोटभर पाणी प्यायली आणि तिथेच भिंतीला टेकून तिचा डोळा लागला. पुढचे काही दिवस कुणी भेटायला आलं की ती स्वतःच त्यांना सांगायची, ‘‘बाईंनी सांगितलंय. हाय ती तिथं. लेकराला घिऊन हाय.’’

मग सासरची माणसं आली. त्यांना निरोप उशिरा पोचला होता. सासरा आधी खूप रडला, मनापासून रडला, खोटं कशाला सांगू. रडून झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘इधी कुनी केला?’’

कुणीतरी सांगितलं.

‘‘बाईनं?’’ तो म्हणाला. ‘‘माज्या घरच्या लक्षुमीला बाईनं माती दिली? पुरुष मेले हुते काय समदे?’’

पुरुष मेले नव्हते, फक्त त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. हे मी बोलले नाही, पण आजही बोलावंसं वाटतं.

त्याने हट्टच धरला. असं दफन आपल्याला मान्य नाही, आपल्या मंडळीत आपण तोंड कसं दाखवणार, विधी पुन्हा झाला पाहिजे. नगरहून पाळकसाहेब आणि मोठे पंच परतले होते. ते आमच्या घरी आले. पाळकसाहेब तरुण होते, शिकलेले, बोलायला गोड. दूध नव्हतं, मी कोरा चहा दिला.

‘‘बाई,’’ पाळकसाहेब म्हणाले, ‘‘तुमच्या हेतूविषयी कुणाच्याही मनात शंका नाही. तुम्ही प्रसंग निभावून नेला. पण मंडळीत शिस्त राहिली पाहिजे.’’

‘‘शब्द सगळे पुस्तकातलेच वाचले, साहेब.’’

‘‘शब्द तेच हो. पण ते म्हणण्याचा अधिकार असावा लागतो.’’

आई म्हणाली, ‘‘मला अधिकार नसेल, कबूल. पण त्या पोरीला काय कमी पडलं, तेवढं सांगा.’’

पाळकसाहेबांनी मोठ्या पंचांकडे पाहिलं. मोठे पंच म्हणाले, ‘‘पोरीला काही कमी पडलं नाही. हे सगळं जिवंत माणसांसाठी असतं. त्यांचं समाधान करायचं, विषय मिटवायचा. एक छोटीशी प्रार्थना साहेब करतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’’

मी चुलीपाशी होते. मला राहवलं नाही. ‘‘प्रभूच्या कबरीपाशी पहिल्यांदा कोण गेलं होतं? तो मेलेल्यांतून उठला, ही बातमी कुणी आणली? बायकांनीच ना?’’

मोठे पंच हसले. ‘‘बघा, मास्तरीण झाली पोरगी.’’

‘‘आणि पुरुषांना ते खरं वाटलं नव्हतं. तेही शास्त्रात तिथेच लिहिलंय.’’

‘‘आत जा,’’ आई म्हणाली. मी आतच होते, आणखी आत जायला जागा नव्हती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चुलीकडे तोंड फिरवलं. मग त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, ‘‘तुमची मर्जी, साहेब.’’ ती भांडली असती तर काय झालं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. काही झालं नसतं. तिचं काम गेलं असतं आणि विधी तरीही झाला असता.

रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी कबरस्तानात गेली. मातीचा ढीग अजून बसला नव्हता. पाळकसाहेबांनी झगा घातला होता. त्यांनी तेच पुस्तक उघडलं, तेच पान, आणि तेच शब्द वाचले. सासऱ्याने मूठभर माती घेऊन आधीच्या मातीवर टाकली. छोटीशी प्रार्थना म्हणाले होते, पण ती छोटी झाली नाही. तीत ‘योग्य रीतीने’ आणि ‘तुझ्या नेमलेल्या सेवकाच्या द्वारे’ असे शब्द पुन्हा पुन्हा आले. त्या पोरीच्या भीतीबद्दल आणि तिच्या लेकराबद्दल काही नव्हतं. त्यांना ते माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

आणि मग गीत म्हणायची वेळ आली. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं आणि थांबले. पेटी तिथे नव्हती. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मोठ्या पंचांनी सुरुवात केली, ती इतकी वर गेली की त्यांना ठसका लागला. सगळ्यांच्या माना हळूहळू बायकांच्या बाजूला वळल्या. मला वाटलं, नको, आई, गप्प राहा. होऊ दे यांची फजिती. पण आईने गीत उचललं. तिच्या बाजूला आता झाकणारा गोड आवाज नव्हता, त्यामुळे तिचा एकटीचा आवाज कबरीवर फार उघडा पडल्यासारखा वाटला. मला तिचा इतका राग आला की मी एक ओळही म्हटली नाही.

सगळे पांगले. सासऱ्याने पाळकसाहेबांचे हात हातात घेतले, त्याचं समाधान झालं. विषय मिटला. आम्ही निघणार, तर मावशी कबरीपाशीच उभी. आई तिला हाताला धरून आणायला गेली, तसं तिने आईला विचारलं,

‘‘बाई, आज झालं म्हंजी मागचं झालंच नव्हतं. व्हय ना?’’

‘‘असं नाही गं.’’

‘‘मग पुन्यांदा का केलं?’’

आई खाली वाकून कबरीवरचं एक ढेकूळ बाजूला करायला लागली.

‘‘मग इतके दिस माजी लेक कुटं हुती? तुमी म्हनला पोचली. दारातच उबी हुती का ती? लेकरू घिऊन? अंधारात?’’

आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. मावशी मागे सरकली. ती चिडलेली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि ते आईकडून आता तिला घेता येत नव्हतं. जे तिच्या हातात आईने दिलं होतं ते मंडळीने परत काढून घेतलं होतं, प्रार्थना करून, सगळ्यांच्या समोर.

ती पुढे पाळकसाहेबांकडे गेली का? गेली. महिन्याने ते आले तेव्हा देवळाच्या दारात तिने त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, ‘‘मावशी, अशा शंका मनात आणू नयेत. विश्वास ठेवावा.’’ त्यांना शेवटची एसटी गाठायची होती.

मावशीने देवळात येणं सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. ती यायची, चटईवर बसायची आणि पाळकसाहेब डोळे मिटायचे तेव्हा डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहायची. आईशी बोलणंही तोडलं नाही. मीठ मागायची, विस्तव न्यायची. फक्त आई म्हणाली, ‘एक प्रार्थना करू का?’ की ती म्हणायची, ‘‘ऱ्हाऊ द्या बाई. सायेब येतील तवा बगू.’’

हे वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. बायका वाईट नव्हत्या. त्या आईला बसायला पाट द्यायच्या, बोलायच्या, पण दुखण्याची गोष्ट आली की जरा थांबायच्या. आजारी पोरावर आईने हात ठेवून प्रार्थना केलेली लागू पडते की नाही, अशी शंका एकदा मनात शिरली की मग ती निघत नाही. पोटच्या पोरासाठी कोण धोका पत्करणार? त्यापेक्षा साहेब येईपर्यंत थांबलेलं बरं. आणि साहेब महिन्याने आले की त्यांच्यापुढे पदर डोक्यावर ओढून ‘सगळं बरं हाय सायेब’ एवढंच. पाळी चुकल्याची गोष्ट झग्यातल्या माणसाला कोण सांगतं? म्हणजे आईलाही नाही आणि त्यांनाही नाही. सगळं आपलं आपल्या उराशी. मळ्यातल्या सुना तेवढ्या पूर्वीसारख्या बोलायच्या, कारण त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

माझं शिक्षण संपलं की मला बायबलबाया तयार करणाऱ्या मिशनच्या शाळेत पाठवायचं, मी तिच्यामागे तिचं काम चालवायचं, असं आईच्या मनात होतं. माझ्याही होतं. त्या दिवाळीच्या सुटीत मी विषय काढला, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘तू सरकारी शाळेत नोकरी कर. तिथे तू एकदा शिकवलेलं पाळकाला पुन्हा शिकवावं लागत नाही.’’ आवाज नेहमीसारखाच होता. मला त्या वाक्याचं वाईट वाटलं त्याहून तिने तव्यावरून मान वर केली नाही, याचं जास्त वाटलं.

पंचाहत्तर साली थंडी सरता सरता मावशीला ताप भरला. छातीत कफ झाला होता. मला तोवर जवळच्याच गावात शाळा मिळाली होती. शनिवारी दुपारी मी घरी आले, तर आई मावशीच्या घरात तिच्या उशाशी बसलेली. पाळकसाहेबांना निरोप गेला होता आणि ते संगमनेरहून निघाले आहेत, असं कळलं होतं. मावशीला सगळं कळत होतं. तिने आईचा हात धरला होता, घट्ट धरला होता.

‘‘बसा बाई,’’ ती म्हणाली. ‘‘उठू नगा. पर बोलू नगा काई. सायेब येऊ द्या. पोरीवानी माजं मदीच लोंबकळाया नको.’’

‘‘नाही बोलत,’’ आई म्हणाली.

ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि परत सरकत बाहेर गेलं. मावशी मधूनच विचारायची, ‘‘आले का?’’ आई म्हणायची, ‘‘येताहेत.’’ एकदा मावशीचा श्वास अडकला, डोळे फिरले. मी आईच्या कानाशी गेले आणि म्हटलं, ‘‘हळू म्हण गं, मनातल्या मनात नको, तिच्या कानात म्हण. तिला कळणार पण नाही कोण म्हणतंय.’’ आईने नाही अशी मान हलवली. ‘‘माझा आवाज तिला कळतो,’’ ती म्हणाली. तिने मावशीच्या ओठांना पाणी लावलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि ओठ मिटून बसून राहिली. तिच्या गळ्याची शीर हलताना मला दिसत होती.

मावशीने शेवटचं पाहिलं ते दाराकडे. दारात कुणी नव्हतं.

पाळकसाहेब आले तेव्हा आई तिचे डोळे मिटवून बाहेर येऊन बसली होती. वाटेत सायकल पंक्चर झाली होती. ते अर्धा रस्ता सायकल हातात धरून चालत आले होते, सदरा घामाने भिजलेला. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते आत जाऊन आले आणि मावशीच्या घराच्या ओट्यावर आईच्या समोर टेकले.

‘‘शेवटी कुणी प्रार्थना केली?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कुणी नाही.’’

‘‘अहो, पण तुम्ही जवळ होतात ना?’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता, होतं ते नुसतं आश्चर्य. ‘‘दोन शब्द तरी बोलायचे होते, बाई. इतकी वर्षं सेवेत आहात.’’

मी उठून उभी राहिले. मला त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. आईने माझ्या लुगड्याचा काठ धरून मला खाली बसवलं.

‘‘उद्या मातीच्या वेळी गीत कोणतं घ्यायचं ते सांगून ठेवा, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘मी उचलते.’’